'लिंगनिवड' की 'लैंगिक निवड'?

रानवाट: डार्विनच्या 'सेक्शुअल सिलेक्शन'ला, म्हणजे जोडीदार मिळवायला कामी येणारे गुण पिढ्यानपिढ्या टिकतात नि वाढतात त्या प्रक्रियेला, मराठीत काय म्हणावं? एक लेख तपासायला आलाय, त्यात सरसकट 'लिंगनिवड' आहे. मला खटकतंय. निवड मादीच करते, तर 'मादीनिवड' चालेल का? 'मेटिंग'साठीही सगळीकडे 'समागम' घातलाय.

बोरूबहाद्दर: 'लिंगनिवड' आधी काढा. तो शब्द गर्भलिंगनिदानाने कधीच पळवलाय. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्ये कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि आता तर त्या कायद्याच्या नावातच 'लिंगनिवड' आहे. मोराच्या पिसाऱ्याबद्दल वाचताना वाचकाला सोनोग्राफी आठवायची! 'लैंगिक निवड' रूढ आहे, तेच ठेवा.

चिखलपाय: 'स्वयंवर' का नको? सुगरण पक्ष्यात नेमकं तेच चालतं. नर अर्धवट खोपा विणून त्याला लोंबकळत पंख फडफडवतो, माद्या येऊन आत डोकावतात. पसंत पडला तर तो खोपा पुरा करतो आणि मग दुसरीसाठी नवा विणायला घेतो. सलीम अलींनी हे किहीमला पाहून ठेवलंय. (विणणारा नर, आणि नाव 'सुगरण'. चालायचंच.)

बोरूबहाद्दर: उदाहरण झकास, पण शब्द अपुरा पडतो. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात दोन्ही गोष्टी धरल्यात: नरानरांतली झुंज आणि मादीची पसंती. सांबराची शिंगं पहिलीत येतात, मोराचा पिसारा दुसरीत. 'स्वयंवर' म्हटलं की सांबर बाहेर. 'मादीनिवड'चीही तीच गत, शिवाय निवडणारी मादी की निवडली जाणारी, हे कळत नाही ते वेगळंच. आणि नर-मादीच्या भूमिकाच उलट्या असलेल्या कमळपक्ष्याचं काय करणार? तिथे मादी आकाराने मोठी, ती एकापेक्षा जास्त नरांशी जोडी जमवते, अंडी उबवायची नि पिल्लं सांभाळायची नरांनी.

गोठेकर: 'समागम' माणसांना शोभतो. जनावरं 'जुगतात'. गाय माजावर येते, पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. जुगली म्हणून गाभण राहिलीच असं नाही, तेव्हा 'प्रजनन' हा त्याला पर्याय नव्हे. नाच, गाणं, पिसारा फुलवणं याला 'प्रणयाराधन' म्हणतात. जरा नाटकी आहे, पण सुटसुटीत.

रानवाट: मग 'लैंगिक निवड', 'जुगणे', 'प्रणयाराधन' असं ठेवतो, आणि पहिल्या परिच्छेदात झुंज नि पसंती फोडून सांगतो. एक राहिलंच. १९३० मध्ये जीवशास्त्रज्ञ फिशरने मांडलेल्या 'रनअवे' निवडीला लेखकाने 'पळापळ निवड' केलंय.

बोरूबहाद्दर: देवा! अहो, मादीची लांब शेपटीची आवड आणि नराची लांब शेपटी दोन्ही पिल्लांत एकत्र उतरतात, म्हणून दोन्ही एकमेकींना पिढ्यानपिढ्या वाढवत नेतात, असं ते आहे. 'बेलगाम निवड' करा.

गोठेकर: बेलगाम तरी कुठे? शेपटी फारच लांबली की शिकारी लगाम घालतोच.

बोरूबहाद्दर: मग 'चढती निवड'? तेवढं मलाही पटत नाहीये. सुचवा कोणीतरी.