ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण लोकांना सांगायचं कोणी?

रिंगरोड_पलीकडे

नमस्कार मंडळी. नागपूरला लागून असलेल्या एका गावात राहतो, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, पण बेसा-पिपळा, बहादुरा, गोधनी या बाजूच्या लोकांना विषय लगेच समजेल. मधात जुनं गावठाण, भोवती लेआऊटच लेआऊट, अर्धे लोक मिहान नाहीतर बुटीबोरीला कामाला, सकाळी जातात ते रात्रीच येतात. आमची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली, निवडणूक व्हायची आहे म्हणून सध्या तहसीलदार साहेब प्रशासक आहेत. ऑफिस तेच, खुर्च्या त्याच, बोर्ड तेवढा नवीन.

आता झालं काय, १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं, जिलेबी वाटून झाली, सगळे घरी गेले, तरी गावठाणातले एक आजोबा ऑफिसच्या ओट्यावर बसूनच होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला अर्ज, शेतात जायच्या पांदण रस्त्याचा. मी विचारलं आजोबा काहून बसले, तर म्हणे सभा सुरू व्हायची आहे न. दर १५ ऑगस्टला ग्रामसभा व्हायची, तिथे ते उभे राहून अर्ज वाचायचे आणि ग्रामसेवक तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचे. आता ग्रामपंचायतच नाही तर ग्रामसभा पण नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगतो मला तिथे उभं राहवेना. मी लेआऊट समितीचा सचिव, मला माहीत होतं, आणि मी पण त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसरीकडे वाट्सअ‍ॅपवर रोज नवीन काहीतरी फिरून राहिलं. घरटॅक्स दहापट होणार, सातबारा बंद होणार, रेशन कार्ड शहरी करून घ्या नाहीतर नाव कटते. एका पोराने तर कार्ड बदलून देतो म्हणून घरटी ३०० रुपये गोळा केले आणि लोकांनी दिले पण.

माझा प्रश्न दोन भागात आहे. एक, खरी माहिती गावठाणातल्या म्हाताऱ्यापासून लेआऊटमधल्या भाडेकरूपर्यंत कशी पोचवायची. दोन, ग्रामसभा गेली तर लोकांनी एकत्र बसायचं कुठं. ज्यांच्याकडे हे आधी होऊन गेलं त्यांनी सांगा.

दप्तरवाले_काका

भाऊ, मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आधी काय बदलते आणि काय नाही हे सांगतो, कारण अर्धी अफवा तिथूनच निघते.

सातबारा, ८अ, फेरफार हे महसूल खात्याचं काम, तलाठ्याकडेच राहते, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. रेशन कार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेचं, निराधारचं पेन्शन तहसीलचं, वीज महावितरणची, यातल्या कशाचाच नगरपंचायतीशी संबंध नाही, त्यामुळे ते ३०० रुपये लोकांना परत मिळवून द्या. बदलते ते एवढंच की घरटॅक्स, पाणीपट्टी, नाली-दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद, लग्नाची नोंद आणि रहिवासी दाखला यासाठी आधी ग्रामपंचायतीत यायचे ते आता नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या ऑफिसात जायचं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची हा नियम सगळीकडे सारखाच आहे, पण कार्यालयं बदलताना घरचे लोक आज जाऊ उद्या जाऊ करतात आणि मुदत निघून जाते, मग लेट नोंदीसाठी फिरावं लागते. ज्या घरी बाळंतपण आहे तिथे आधी जाऊन सांगा.

लोक एक गोष्ट नेहमी मिसळतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा आणि तलाठ्याचा ८अ, म्हणजे जमिनीचा खाते उतारा, वेगळा. नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचं रजिस्टर, त्यात तुमचं नाव, घराचं मोजमाप, कच्चं का पक्कं हे लिहिलेलं असते. नगरपंचायत नव्याने मोजणी करते तेव्हा हातात जुना कागद असला तर बोलता येते. म्हणून प्रत्येक घराने नमुना ८ चा सही-शिक्क्याचा उतारा आणि मागच्या वर्षांच्या टॅक्स पावत्या एका फाईलमध्ये लावून ठेवा.

आणि टॅक्स एका रात्रीत दहापट होत नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात पद्धत ठरलेली आहे, आधी मालमत्तांची आकारणी यादी तयार होते, ती जाहीर करतात, हरकती मागवतात, सुनावणी होते, मग यादी पक्की. लोकांचं नुकसान कर वाढल्याने जेवढं होत नाही तेवढं यादी लागली हे न कळल्याने होते. घर भाड्याने नाही तरी भाड्याचं दाखवलं, पत्र्याची खोली स्लॅबची लिहिली, हे त्या मुदतीत एका अर्जात दुरुस्त होते आणि नंतर वर्षभर चकरा.

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक कुठे गेलं ते विचारा. त्या आजोबांचा पांदण रस्ता आधीच्या सभांमध्ये लिहिलेला असेल तर त्या ठरावाची नक्कल मागा. सरळ मिळाली तर ठीक, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसात उत्तर द्यावं लागते. दप्तर हस्तांतरणाची यादी पण त्याच अर्जात मागून घ्या. पन्नास वर्षांचं गाव त्या कपाटात असते भाऊ, ते कुठल्या खोलीत ठेवलं हे गावाला माहीत असलं पाहिजे.

चक्कीवालं_घर

आमच्याकडे हे होऊन गेलं म्हणून लिहून राहिली. मी बचतगटाचं काम पाहते आणि घरची पिठाची चक्की आहे.

दादा, तुमचा वाट्सअ‍ॅप ग्रुप ज्यांच्याकडे आहे ते बहुतेक माणसं. दाखला आणायला, शाळेचा कागद आणायला, पाण्याच्या टाकीवर विचारायला जाते कोण, तर घरातली बाई, आणि तिच्याकडे ग्रुप नाही. आमच्याकडे शेजारच्या एक काकू नातीच्या जन्मदाखल्यासाठी तीन वेळा जुन्या ऑफिसात जाऊन आल्या, मजुरी पाडून, कारण ते टेबल दुसऱ्या इमारतीत गेलं हे दारावर कुठेच लिहिलं नव्हतं. तेव्हा मी चक्कीच्या भिंतीवर काळा फळा लावला. दळण आणायला सगळ्यांनाच यावं लागते आणि दळण होईपर्यंत दहा मिनिटं उभं पण राहावं लागते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते, चक्कीच्या आवाजात ओरडून सांगावं लागते पण चालते.

फळ्याचा नियम एकच ठेवला. वर तारीख, मग काम, मग कोणत्या खोलीत कोणत्या टेबलावर, सोबत काय न्यायचं, आणि खाली हे ऑफिसात जाऊन कोणी विचारून आलं त्याचं नाव. नाव लिहायचं म्हटलं की कोणी ऐकीव गोष्ट लिहायला धजत नाही. जुनं झालं की पुसायचं, नाहीतर जुन्या तारखेला लोक जाऊन येतात.

आता दोन गोष्टी ज्या आम्हाला फार उशिरा कळल्या. घरकुल. ज्यांचं नाव प्रधानमंत्री आवासच्या ग्रामीण यादीत होतं त्यांना वाटत राहिलं की नंबर लागेल, पण गाव शहरीत गेल्यावर शहरीचा अर्ज वेगळा असतो. ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी जाऊन सांगा, फळ्यावर भागत नाही. दुसरं बचतगट. उमेद हे ग्रामीणचं अभियान आहे, शहरी भागाचं खातं वेगळं. मधल्या काळात आमच्या मीटिंगला कोणी आलं नाही तर बायांना वाटलं गटच बंद झाला आणि दोघींनी हप्ता भरणं सोडलं. गट काही बंद होत नाही, बँकेतलं खातं आपलं, कर्ज आपलं, रजिस्टर आपलं. त्या वेळी आम्ही दर महिन्याची बैठक एकदा पण चुकू दिली नाही म्हणून गट टिकला.

एमआयडीसी_जनरल_शिफ्ट

ताईंचा फळा मस्तच आहे पण मी लेआऊटमध्ये भाड्याने राहतो, सकाळी सहाला कंपनीची बस असते आणि यायला आठ वाजतात, चक्की तेव्हा बंद. माझ्यासारखे गल्लीत वीसेक जण तरी असतील, कोणी गोंदियाचा, कोणी छिंदवाड्याचा, कोणी बालाघाटचा. लेआऊटच्या ग्रुपमध्ये फक्त प्लॉटवाले घेतात, भाडेकरूला घेत नाहीत. पाणी दोन दिवस येणार नाही हे मला नळ सोडल्यावर कळते.

रागाने नाही सांगत, पण कनेक्टेड ठेवायचं म्हणता तर भाडेकरू पण गावात राहतो, कचरा त्याचाही उचलायचा असतो. माझं म्हणणं एवढंच की फळ्याचा फोटो रोज रात्री एका ग्रुपवर टाका, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो, गुड मॉर्निंग नाही, फॉरवर्ड नाही, आणि ग्रुपमध्ये यायला क्यूआर कोड किराणा दुकानात लावा. खाली दोन ओळी हिंदीत पण लिहा. आपल्याकडे अर्ध्या लेआऊटची घरची भाषा हिंदी आहे.

मानेवाडा_चौक

आम्ही मनपा हद्दीत, आमचा अनुभव थोडा वेगळा पण कामाचा आहे. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक, नगरसेवक नाही. त्यात आधी तीन सदस्यांचे प्रभाग करायचे ठरलं, नंतर परत चारचे, शेवटी ३८ प्रभाग आणि १५१ जागा. आमच्या गल्लीत लोक विचारायचे आपण कोणत्या प्रभागात, आणि कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्या काळात आम्ही शिकलो ते हे की माणूस बदलतो पण टेबल बदलत नाही. नगरसेवकाचा फोन नंबर पाठ असण्यापेक्षा झोन ऑफिसमध्ये आरोग्याचं कोण बघते, पाण्याचं कोण, टॅक्सचं कोण हे पदानुसार लिहून ठेवलं ते जास्त कामी आलं. तुमच्याकडे प्रशासक असेपर्यंत तसंच करा.

आणि मतदार यादी, याच्यावर आत्तापासून बसा. नगरपंचायतीला १७ प्रभाग असतात, प्रत्येकी एक सदस्य, आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून. यादी नवीन बनत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडतात. त्या वेळी हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त करता येते, पण जे नाव विधानसभेच्या यादीतच नाही ते तिथे नव्याने टाकत नाहीत. मुदत पण थोडीच असते. म्हणून लेआऊटमध्ये नवीन आलेल्यांचे फॉर्म ६, म्हणजे मतदार यादीत नाव टाकायचे अर्ज, आधीच भरून घ्या. प्रत्येक गल्लीला एक जण ठरवा जो प्रारूप यादी लागली की आपल्या गल्लीची नावं बोट ठेवून तपासेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर शहरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली आहे, नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची. प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी होते, कारण कोणी मागतच नाही. निवडणुकीत जो उमेदवार दारी येईल त्याला विचारा क्षेत्रसभा कधी घेणार, आणि तारीख लिहून घ्या.

रिंगरोड_पलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यात काय झालं ते सांगतो.

चक्की आमच्याकडे पण आहे, तिथे फळा लागला. दुसरा मारुतीच्या देवळाजवळ, तिसरा लेआऊटच्या पाण्याच्या टाकीखाली. काकांनी सांगितलेलं काय बदलते आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी लिहिलं, आणि लोक उभे राहून दोन-दोनदा वाचत होते, विशेष करून सातबाऱ्याची ओळ. ३०० रुपयेवाल्या पोराच्या घरी समितीतले चौघं गेलो, त्याच्या वडिलांनी पैसे परत करायला लावले. भाडेकरूंचा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता, त्याची लाज वाटली. आता ग्रुपमध्ये प्लॉट नंबर विचारत नाही, गल्ली विचारतो. हिंदीच्या ओळी दहावीतली एक मुलगी लिहून देते, अक्षर सुंदर आहे तिचं.

आजोबांना घेऊन सोमवारी ऑफिसात गेलो. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्यांचा रस्ता जुन्या ठरावात आहे. नकलेसाठी अर्ज दिला आणि पांदण रस्त्याचा मूळ अर्ज पण दिला, दोन्हीवर आवक नंबर घेतला. आजोबांना त्या नंबरचं काही कळेना, ते म्हणे पण वाचणार कोणासमोर?

म्हणून ठरवलं की २ ऑक्टोबरला ग्रामसभेचीच तारीख धरून देवळाच्या शेडमध्ये बसायचं. कायद्याने ती सभा नाही हे फळ्यावर स्पष्ट लिहिणार आहोत, पण हजेरी घेऊ, जे बोलतील ते वहीत लिहू आणि दुसऱ्या दिवशी सगळं एका अर्जात मुख्याधिकाऱ्यांना देऊ. पहिला विषय पांदण रस्ता, आजोबा वाचणार.

दप्तरवाले_काका

वही लिहायला मी येतो. ठरावाची भाषा हातात बसलेली आहे अजून. वहीला पान नंबर आधीच टाकून ठेवा, मधलं पान कोणी फाडू नये.

चक्कीवालं_घर

किती वाजता आहे? आमच्या इकडच्या दोघी-तिघींना पण यायचं आहे, घरकुलाचं विचारायचं आहे त्यांना. सकाळी ठेवलं तर बायांना जमत नाही, स्वयंपाक असतो.

रिंगरोड_पलीकडे

दुपारी ४ वाजता. फळ्यावर सकाळी ९ लिहिलं होतं, आत्ताच जाऊन पुसतो.