आयडल पोरांच्या हाताला बसेल असं कसं करायचं? (पायथन ३.८, विंडोज ७)

क्लासवाला_खानापूर

खानापुरात संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास घेतो. आठवी ते दहावीची पोरं, काही मराठी शाळेतली, काही कन्नड. मशीन जुन्या, सगळीकडे विंडोज ७. त्यामुळे पायथन ३.८ वरच अडकलोय, ३.९ पासून विंडोज ७ ला सपोर्टच नाही. (नवीन मशीन घ्या म्हणणाऱ्यांनी सोबत चेक पाठवावा.)

फॉर लूप पोरांना पटकन कळतो. अडतात ती आयडलच्या (पायथनसोबतच येणारा, कोड लिहायचा प्रोग्रॅम) खिडकीत. "सर, वरचा बाण दाबलं तर मागचं येईना की!" हे रोजचं. कर्सर जुन्या ओळीवर चढून बसतो, पोरगं तिथंच दुरुस्ती करायला जातं, टुंग वाजतं आणि अक्षर काही उमटत नाही. दुसरं म्हणजे शेलमधला (आयडलची एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायची खिडकी) कोड उचलून फाइलमध्ये टाकतात, सोबत >>> पण येतं, आणि चालवायला एफ५ मारलं की इनव्हॅलिड सिंटॅक्स. काल एकीनं ते बाण शोधून शोधून खोडले, पण मधलं 'नमस्कार' हे आउटपुट तसंच राहिलं. मग नेमएरर, म्हणजे 'हे नाव ओळखीचं नाही'. तिचं म्हणणं, "मी हे लिहिलंच नाही, सर." खरंच आहे की!

शिवाय एफ५ मारलं की दर वेळी सेव्ह करू का म्हणून विचारतं, पोरं कॅन्सल दाबून मोकळी. आणि पावसाळ्यात इथं लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

दुसरं सॉफ्टवेअर न टाकता यातलं काय सुधारेल? आणि एका मशीनवर केलेलं बाकीच्यांवर कसं न्यायचं?

टिळकवाडी_ते_पुणे

बाणाचं सोपं आहे. ऑप्शन्स, कॉन्फिगर आयडल, तिथं कीज टॅब. यादीत हिस्टरी-प्रीव्हियस निवडा, नवीन की द्यायचं बटण दाबा आणि अप ॲरो निवडा. आयडलचा मूळ की-सेट बदलता येत नाही, म्हणून नव्या सेटला नाव मागेल, काहीही द्या. हिस्टरी-नेक्स्टला तसाच डाऊन ॲरो. मूळच्या की ऑल्ट-पी आणि ऑल्ट-एन आहेत, पण त्या पोरांच्या लक्षात राहायच्या नाहीत.

एक गंमत बघा. नुसतं 'प्रिंट' लिहून बाण दाबला तर त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या ओळी येतात. तोटा एवढाच की शेलमध्ये तीन-चार ओळींचा लूप लिहिताना वरच्या ओळीवर जायला माऊस घ्यावा लागेल.

सेव्हचं जनरल टॅबमध्ये आहे. रनच्या वेळी 'नो प्रॉम्प्ट' करा, म्हणजे न विचारता सेव्ह होऊन चालेल. नवीन फाइलला पहिल्यांदा नाव विचारणारच. तेवढं नाव रँडम किंवा टर्टल ठेवू देऊ नका, नाहीतर इम्पोर्ट केल्यावर पोरांचीच फाइल उघडते आणि मग सगळाच घोळ.

निपाणीकर_९०

एवढा खटाटोप कशाला? थॉनी टाका. एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात शिकवण्यासाठीच बनवलंय, व्हेरिएबलच्या किमती बाजूला दिसतात, वरचा बाण पण चालतो. पायथन ३.८ वाला इन्स्टॉलर विंडोज ७ वर बसतो.

क्लासवाला_खानापूर

@निपाणीकर थॉनी चांगलंच आहे, वाद नाही. पण पोरांना शाळेच्या लॅबमध्ये आयडलच मिळतं. इथं एक आणि तिथं एक, नको.

शहापूर_खडेबाजार

>>> ची तक्रार जुनीच आहे. ३.१० मध्ये ते बाण बाजूच्या पट्टीत नेले, त्यामुळे कॉपी करताना येत नाहीत. ३.८ मध्ये त्याला सेटिंग नाही. म्हणून सवयच वेगळी लावायची. त्याच जनरल टॅबमध्ये 'ओपन एडिट विंडो' करा, आयडल उघडल्यावर कोरी फाइलच समोर येईल. शेल फक्त दोन आकडे मिळवून बघायला. एफ५ नंतर फाइलमधले व्हेरिएबल शेलमध्ये हजर असतात, तिथं नाव टाकून किंमत बघायची. कॉपीची गरजच पडत नाही.

बाकी मशीनवर न्यायला यूजरच्या फोल्डरमध्ये 'आयडलआरसी' नावाचा फोल्डर असतो, नावाआधी टिंब आहे. की, फॉन्ट, सगळं त्यातच. पेन ड्राईव्हवर घ्या आणि प्रत्येक मशीनवर त्याच जागी टाका. त्या वेळी आयडल बंद असू दे.

क्लासवाला_खानापूर

फोल्डर टाकला, चाललं! बाणाची तक्रार मिटली. आता मराठी शाळेतल्या एकानं अ = ५ लिहिलं, तर म्हणे आयडेंटिफायरमध्ये (व्हेरिएबलच्या नावात) चुकीचं अक्षर. मला वाटलं 'अ' चालत नाही.

शहापूर_खडेबाजार

'अ' चालतो, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात. अडतो तो ५. कोडमध्ये आकडा इंग्रजीच लागतो. पण इनपुटमधून आलेल्या '५' ला इंट (अक्षराचा आकडा करणारं फंक्शन) लावलं की बरोबर पाच मिळतात, कन्नड आकड्यालाही तसंच. कन्नड शाळेतल्या पोरांकडून करून घ्या, मजा येईल त्यांना. आणि फॉन्ट टॅबमध्ये साइज १४ करा, देवनागरी मात्रा १० मध्ये दिसत नाहीत. नमुन्याच्या चौकटीत देवनागरी अक्षरं आहेतच, ती बघून ठरवा.