जीपीएसवर चार्जिंगचे चिन्ह दिसते, तरी बॅटरी उतरतेच

सह्यभटक:
नमस्कार मंडळी. माझ्या मोटरसायकलवर जुने, मिनी-यूएसबी खाच असलेले जीपीएस यंत्र आहे. हँडलच्या कंपनांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याचा फोकस कायमचा बिघडला, तेव्हापासून मी रस्ता पाहण्यासाठी हेच यंत्र वापरतो. चार्जर सीटखाली बॅटरीजवळ बसवून घेतला आहे आणि तेथून टाकीखालून दोन मीटरची यूएसबी केबल हँडलपर्यंत आणली आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती. माणगावात चहाला थांबलो तर ती निम्म्यावर आलेली, आणि म्हसळा ओलांडल्यावर यंत्र बंदच पडले. वीज खंडित झाल्याची सूचना मात्र एकदाही आली नाही, चार्जिंगचे चिन्ह शेवटपर्यंत दिसत होते. केबल खराब असावी असे समजून घरातली दुसरी लावली, तर पडद्यावर संगणकाचे चित्र आले आणि नकाशा मिटला. ज्या गॅरेजमध्ये वायरिंग केले, तेथे ‘यंत्रच जुने झाले’ एवढेच उत्तर मिळाले. दोष नेमका कोठे शोधावा?

तांब्याची तार:
आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. संगणकाचे चित्र येते ते केबलच्या प्रकारामुळे. मिनी-यूएसबीच्या प्लगमध्ये पाच पिना असतात आणि साध्या केबलमध्ये त्यांतली एक मोकळी सोडलेली असते. काही जीपीएस यंत्रे याच पिनेवरचा रोध पाहून ‘ही गाडीची वीज आहे’ असे ओळखतात. तो रोध सापडला नाही, तर आपण संगणकाला जोडले गेलो आहोत असे समजून नकाशा बंद करतात. म्हणून त्या यंत्रासाठीच बनवलेली गाडीची केबल घ्यावी.

बॅटरी उतरण्याचे कारण मला त्या दोन मीटरमध्ये दिसते. स्वस्त केबलमधली वीजवाहक तार बहुधा 28 गेजची, म्हणजे अगदी बारीक असते आणि तिचा रोध मीटरमागे सुमारे 0.21 ओहम असतो. वीज जाऊन परत येते, म्हणजे तारेची लांबी चार मीटर धरावी लागते; एक अँपिअर प्रवाहाला त्यात साधारण 0.85 व्होल्ट गळतात आणि चार्जरकडून निघालेले 5 व्होल्ट यंत्रापाशी जेमतेम 4.15 उरतात. एवढ्यावर चिन्ह दिसू शकते, पण पूर्ण उजळलेला पडदा जेवढी वीज खातो तेवढीही आत पोहोचेलच असे नाही, आणि उरलेली तूट बॅटरी भरून काढते. मल्टीमीटर लावून यंत्र चालू असताना, केबलच्या यंत्राकडच्या टोकाला व्होल्टेज मोजा. भार नसताना मोजलेले 5 व्होल्ट फसवे असतात.

उपाय असा, की 12 व्होल्टची जाड वायर हँडलपर्यंत न्यावी, 5 व्होल्ट करणारा चार्जर तेथे बसवावा आणि यूएसबी केबल वीतभरच ठेवावी. तेवढ्याच कामाला 12 व्होल्टवर निम्म्याहून कमी प्रवाह लागतो, आणि वाटेत थोडे व्होल्टेज गळले तरी चार्जर बाहेर 5 व्होल्टच देतो.

दुपारचा प्रवासी:
वरील सर्व मान्य, पण उन्हाचाही विचार करावा. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक असल्यामुळे अनेक यंत्रे तापल्यावर चार्जिंग स्वतःच थांबवतात, आणि मे महिन्यात काळ्या रंगाचे यंत्र तेवढे तापायला सिग्नलला उभे राहणेही पुरते.

कोकणकडा:
यंत्रावर आयपी67, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहिलेला असला तरी तो भरवसा रबरी झाकण बंद असतानाचाच असतो, आणि चार्जिंग करताना झाकण उघडेच राहते. माझ्या मिनी-यूएसबीच्या खाचेत एका पावसाळ्यात हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. तो गंज निघाल्यावर सगळे पूर्ववत झाले. विजेरी लावून खाचेत एकदा डोकावून पाहा.

सह्यभटक:
आपल्या सर्वांचा आभारी आहे. काल मोजले: चार्जरपाशी 5.1 व्होल्ट, पण यंत्राकडच्या टोकाला, पडदा पूर्ण उजळलेला असताना, 4.2. खाच स्वच्छ निघाली. चार्जर हँडलजवळ आणणार आहे. 12 व्होल्टची वायर थेट बॅटरीला जोडावी, की चावीवर?

तांब्याची तार:
बॅटरीपासून रिलेमार्गे (छोट्या विद्युत इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) घ्यावी आणि रिलेला इशारा टेल लॅम्पच्या वायरचा द्यावा, म्हणजे चावी काढली की चार्जरही बंद होईल. थेट जोडलेला चार्जर यंत्र लावलेले नसतानाही थोडी वीज खात राहतो, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की सकाळी सेल्फ लागत नाही. 3 अँपिअरचा फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच असावा. तो हँडलपाशी लावला, तर टाकीखाली घासून उघडी पडलेली वायर जळेल आणि फ्यूज शाबूत राहील.

सह्यभटक:
टाकी उतरवली. जुनी केबल चौकटीला घासून एका जागी खरोखरच सोलली आहे. नवी वायर नळीतून घेतो.