मदत हवी आहे: विच्छेदन कक्षातील फॉर्मालिनच्या वाफा कशा मोजाव्यात?

नमस्कार. मी विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात काम करतो. आमच्या विच्छेदन कक्षात विद्यार्थी तासापुरते येऊन निघून जातात. परंतु टाक्यांतील द्रावण बदलणारे आणि फरशी पुसणारे परिचर मृतदेह टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मालिनच्या वाफांत दिवसभर वावरतात, आणि त्यांच्या डोळ्यांची आग व घशाची खवखव ही सवयीची बाब मानली जाते. नाक वासाला सरावते खरे, पण त्यामुळे हवेतील प्रमाण कमी होत नाही. फॉर्मालिनमधून निघणारा फॉर्माल्डिहाइड वायू माणसासाठी कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. तरीही आम्हाला मिळतो तो साधा सर्जिकल मास्क, जो वायू अडवूच शकत नाही.

सुरक्षा समितीपुढे प्रस्ताव मांडण्यापूर्वी हे प्रमाण मोजून घ्यावे, असा विचार आहे. त्यासाठी कपड्यांवर लावायचे बॅज पुरेसे ठरतात, की पंपाने हवेचे नमुने घ्यावे लागतात? टेबलापाशीच हवा खाली ओढून घेणारी यंत्रणा किंवा मृतदेह जतन करण्यासाठी फॉर्मालिनला पर्याय असलेल्या फिनॉक्सिइथेनॉलचा वापर आपल्यापैकी कोणाच्या विभागात असल्यास, त्याचा परिचरांना प्रत्यक्षात किती उपयोग झाला, आणि कंत्राटी परिचरांच्या आरोग्य तपासणीचा खर्च कोण उचलते, हेही कृपया कळवावे.