मदत हवी आहे: नागिणीचा विषाणू मज्जातंतूंत इतकी वर्षे सुप्त कसा राहतो?

नमस्कार,

माझ्या आईला नुकतीच नागीण झाली असून पाठीपासून छातीपर्यंत, फक्त उजव्या बाजूला, फोडांचा पट्टा उठला. डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केल्यामुळे फोड सुकले, पण आग अजून शमलेली नाही. त्यातच, नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, असे भेटायला येणारी मंडळी सांगतात आणि आई फार घाबरते. तिला खरे कारण नीट समजावून सांगता यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या वाचनानुसार, कांजिण्या बऱ्या होताना त्यांचा, म्हणजेच नागिणीचाही, विषाणू संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छिकांपर्यंत (मज्जापेशींच्या पुंजक्यांपर्यंत) पोहोचतो आणि तेथील पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए, आपल्या गुणसूत्रांत न मिसळता, बंद कड्याच्या रूपात टिकून राहतो. त्याची बहुतेक जनुके निष्क्रिय असल्याने प्रतिकारयंत्रणेला ओळखता येईल असे फारसे काही तयारच होत नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर विषाणूच्या डीएनएची नक्कल होण्याचे काम अडवते. सुप्तावस्थेत नक्कलच होत नसल्याने औषधाचा तेथे उपयोग नाही. वयानुसार टी-पेशींचा (प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशींचा) पहारा सैल झाला की विषाणू जागा होऊन त्याच मज्जातंतूतून त्वचेकडे परततो. नागीण म्हणजे बाहेरून झालेला नवा संसर्ग नसून अंगातलाच जुना विषाणू आहे, ही मांडणी इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे सामान्य रुग्णसेवा करणारे डॉ. होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींवरून केली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विषाणू बहुधा एकाच गुच्छिकेतून जागा होतो आणि तिच्या मज्जातंतूचा टापू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला राहतो. तो पसरलाच तर प्रतिकारशक्ती खालावल्याची शंका घेऊन तातडीने उपचार करावे लागतात, पण टोके जुळण्याशी मृत्यूचा संबंध नाही, असे आईला सांगितले तर ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर ठरेल का?

दुसरे असे की, ओठांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स याच कुळातला असून चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूच्या गुच्छिकेत असाच दडतो, तरीही काहींना तो वर्षातून अनेकदा त्रास देतो, तर नागीण बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. हा फरक दोन्ही विषाणूंच्या सुप्त राहण्याच्या पद्धतीतून येतो, की आपल्या प्रतिकारशक्तीच्या प्रतिसादातून?