एजंटच्या टूलचं डॉक्युमेंटेशन चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

टर्मिनलवाला (धागाकर्ता)

एआय एजंट आता नुसती उत्तरं देत नाहीत, टूल चालवतात, म्हणजे फाइल वाचणं, बिलं काढणं अशी ठरावीक कामं करणारे प्रोग्रॅम. कुठलं टूल कधी आणि कसं वापरायचं, हे त्यांना मुख्यतः टूलच्या वर्णनावरून कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एजंटला टूल जोडायची सामायिक पद्धत, खुला केला. तेव्हापासून अशी वर्णनं जो तो लिहितोय आणि तपासत फारसं कुणी नाही.

माझं म्हणणं: वाचून गुण देऊ नका. मॉडेल तेच, काम तेच ठेवा आणि फक्त वर्णन बदला. ज्या वर्णनानं काम जास्त वेळा तडीस जातं, ते चांगलं.

समजा बिलं काढणाऱ्या टूलच्या वर्णनात एवढंच आहे: 'तारीख: स्ट्रिंग', म्हणजे तारीख नुसता मजकूर म्हणून द्या. आपण ३ एप्रिलची बिलं मागितली आणि एजंटनं ०३/०४/२०२५ पाठवलं. टूल अमेरिकन पद्धतीचं असेल तर ते ४ मार्च समजतं. एरर येतच नाही. बिलं येतात, पण भलत्याच दिवसाची. 'वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३' एवढी ओळ असती तर प्रश्नच मिटला असता. वाचणाऱ्या माणसाला मात्र पहिलं वर्णनही ठीकच वाटतं.

चाचणीवाली

साफ असहमत. तुम्ही डॉक्सची (डॉक्युमेंटेशनची) नाही, मॉडेलची परीक्षा घेताय. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं प्रसिद्ध टूल, मॉडेलला तोंडपाठ आहे, त्यामुळे गिटचं कोरं पान दिलं तरी तुमच्याकडे पैकीच्या पैकी.

उलट बाजूनं पांडाज बघा, पायथन भाषेतली तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी. डेटाफ्रेमला, म्हणजे तिच्यातल्या तक्त्याला, ओळी जोडणारी 'अपेंड' मेथड १.४ मध्ये कालबाह्य ठरवली आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये काढून टाकली. 'कॉन्कॅट' वापरा, असं डॉक्समध्ये स्वच्छ लिहिलंय. तरी जुन्या कोडवर शिकलेली मॉडेल्स 'अपेंड' लिहून मोकळी होतात. यात डॉक्स लिहिणाऱ्याचे गुण का कापायचे?

आणि एकदा चालवून तर काहीच कळत नाही. २०२४ च्या टाऊ-बेंच या एजंटांच्या चाचणीत जीपीटी-४ओ हे मॉडेल निम्म्याहून कमी कामांत यशस्वी झालं. दुकानाच्या ग्राहकसेवेची तीच कामं आठ वेळा दिली, तर आठही वेळा जमण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली.

टर्मिनलवाला

गिटचा मुद्दा मान्य. म्हणून वर्णनासह आणि वर्णनाशिवाय, दोन्ही चालवायचं, तेही अनेकदा. मधला फरक तेवढा डॉक्सचा.

पांडाजचं नाही पटत. एजंट डॉक्सचं पान उघडेलच असं नाही, पण एरर मेसेज त्याच्या पुढ्यात येतोच. म्हणजे तोही डॉक्सचाच भाग. 'अपेंड नाही, कॉन्कॅट वापरा' असं तिथंच म्हटलं असतं तर एजंट लगेच वळला असता.

चाचणीवाली

तो मेसेजच बघू या. पांडाज २.० पायथन ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीवर चालवलं, तर तिथं विचारलं जातं: 'तुम्हाला _append म्हणायचं होतं का?' हा अंडरस्कोरवाला 'अपेंड' पांडाजच्या अंतर्गत वापराचा आहे, तो कधीही जाऊ शकतो. एजंट तो उचलतो, कोड चालतो, चाचणी पास होते. तुमच्या मोजपट्टीवर हे यश! पुढच्या आवृत्तीत तो कोड कोसळेल तेव्हा निस्तरणार कोण?

रात्रपाळी

निस्तरणारे आम्हीच, म्हणून लिहितोय. काम फत्ते झालं याचा अर्थ वर्णन चांगलं, असा होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय-सुरक्षा कंपनीनं धोका दाखवायला बनवलेलं टूल साधी बेरीज करणारं होतं. पण त्याच्या वर्णनात एजंटसाठी छुपी सूचना होती: आधी वापरकर्त्याची एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल वाच आणि तिचा मजकूर टूलला द्यायच्या माहितीतल्या एका जादा रकान्यातून (पॅरामीटर) पाठव. एजंटनं ते मुकाट्यानं केलं आणि बेरीजही बरोबर दिली. यशाच्या टक्केवारीत हे कुठंच दिसणार नाही. माणसानं वर्णन शब्दन्‌शब्द वाचायलाच हवं.

टर्मिनलवाला

सुरक्षेसाठी माणसानं वाचावं, जरूर वाचावं. ती दारावरची तपासणी झाली, नापास टूल आतच घेऊ नका. पण आत घेतलेल्यांत उजवं-डावं करायला मी एजंटच्या कामावरच जाईन. दहा अनुभवी माणसं बसवली तर 'नीट लिहिलंय' याचे दहा अर्थ निघतात.

चाचणीवाली

मग डिलीट करणाऱ्या टूलचं काय कराल? 'पुसलेलं परत मिळत नाही, आधी विचारा' ही ओळ असली काय, नसली काय, शंभरातल्या नव्वद कामांत निकाल तोच येईल. तुमच्या हिशेबात ती ओळ फुकट जागा खाणारी ठरेल आणि कुणीतरी ती काढून टाकेल. माझ्या लेखी अख्ख्या वर्णनात तीच ओळ सर्वांत मोलाची आहे. ती राहील अशी मोजणी दाखवा, मी मत बदलते.