बॉब नाईटसारखे कोच आता होत नाहीत? बरंच झालं!

बॉयलर_बंड्या:
काल ब्लूमिंग्टनच्या (म्हणजे इंडियाना विद्यापीठाच्या गावच्या) आजोबांनी इथे त्या विद्यापीठाचा जुना बास्केटबॉल कोच बॉब नाईट याच्यावर भरभरून लिहिलं. ९०२ विजय, इंडियानाला ३ अजिंक्यपदं, १९८४ चं ऑलिंपिक सुवर्ण, सगळं खरं. पण शेवटी काय म्हणे, 'असा कोच आज असता तर ही मऊ पोरं सरळ झाली असती.' त्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

मी पर्ड्यूचा, म्हणजे इंडियानाच्या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा, तेव्हा मला नाईट आवडणार नाही हे धरूनच वाचा. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याने कोर्टावर खुर्ची भिरकावली ती आमच्याच मॅचमध्ये. आमचा खेळाडू फ्री थ्रोला उभा आणि समोरून खुर्ची घसरत येतेय. (ती मॅच आम्ही ७२-६३ जिंकलो. हे आजोबा कधी सांगत नाहीत.) त्या खुर्चीवर मीही हसतो. पण त्याचाच खेळाडू नील रीड, त्याचं काय? १९९७ मध्ये सरावात नाईटने त्याच्या गळ्याला हात घातला. पोरगा तोंड उघडून बोलला तर त्यालाच खोटं पाडलं, आणि मग २००० मध्ये सीएनएनने सरावाची टेपच दाखवली. विद्यापीठाने तरीही नुसतं ३ मॅचचं निलंबन, ३०,००० डॉलर दंड आणि शेवटची ताकीद यावर भागवलं. चार महिन्यांत एका विद्यार्थ्याने 'काय नाईट' म्हटलं म्हणून नाईटने त्याचा हात धरला. मिस्टर का नाही म्हणालास, हा राग! तेव्हा कुठे नोकरी गेली.

आजोबा समजतात की तो आरडाओरडा करायचा म्हणून जिंकायचा. अहो, तो जिंकायचा मोशन ऑफेन्समुळे (सगळ्यांनी सतत हलत राहून केलेलं आक्रमण), मॅन टू मॅन डिफेन्समुळे (प्रत्येकाने आपापला माणूस अडवायचा) आणि समोरच्या टीमच्या खेळाचा बारीक अभ्यास करायचा म्हणून. ड्यूक विद्यापीठाचा कोच क्रिझेव्स्की आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, टीममध्ये त्याच्याच हाताखाली खेळला, तिथेच शिकला, आणि ड्यूकला ५ अजिंक्यपदं देऊन १,२०२ विजयांवर थांबला. तोंडाचा तोही फटकळ, पण त्याने कुणाचा गळा धरल्याचं ऐकिवात नाही. आणि नाईटचा आवाज तर शेवटपर्यंत खणखणीत होता ना? मग १९९४ नंतर त्याच्या हाताखाली इंडियाना राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही दुसऱ्या फेरीपुढे का गेली नाही?

आजोबा_ब्लूमिंग्टन:
बंड्या, १९७६ साली तू कुठे होतास रे? आम्ही इथेच होतो. ३२-०. फायनलमध्ये मिशिगनला ८६-६८ लोळवलं. त्यानंतर पुरुषांच्या सर्वोच्च गटात (डिव्हिजन वन) एकाही कॉलेजला न हरता अजिंक्यपद मिळालेलं नाही. केंटकी २०१५ मध्ये सेमीफायनलला आपटली, गोंझागा २०२१ मध्ये फायनलला. आणि १९७५ मध्ये आमचा खेळाडू स्कॉट मे याचा हात मोडला नसता तर तेही वर्ष आमचंच होतं, पण जाऊ दे.

बाकीची कॉलेजं पोरांना गुपचूप पैशांची पाकिटं सरकवत होती त्या काळात या माणसाने एक डॉलर दिला नाही. वर्गात बसा, पदवी घ्या, नाहीतर खेळू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी पैसे उभे केले. कुठला कोच करतो? फेब्रुवारी २०२० मध्ये तो वीस वर्षांनी इंडियानाच्या असेंब्ली हॉल स्टेडियममध्ये आला तेव्हा मी तिथे होतो. साठी उलटलेले त्याचे खेळाडू त्याला धरून चालवत होते. राक्षस असता तर आले असते का? माझ्या शेजारचा शेतकरी गडी ढसाढसा रडला. तुमच्या टेपा तुम्हाला लखलाभ.

चिंचगुळी:
आजोबा, आले ते तुम्ही मोजले. जे आले नाहीत त्यांचं काय? रीडला इंडियाना सोडून सदर्न मिसिसिपीला जावं लागलं. तो २०१२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, त्याला कुठून बोलावणार सत्काराला? आणि १९८८ मध्ये टीव्हीवर बलात्काराबद्दल नाईट जे बोलला ते मी इथे लिहिणारसुद्धा नाही.

मला हे चांगलं माहितीय कारण मी खो-खो खेळायचे. आमचे पीटीचे सर उशीर झाला की पोटरीवर ओली छडी ओढायचे. त्यांच्या दोन-तीन मुली राज्य पातळीवर गेल्या. दरवर्षी सत्कारात त्या म्हणतात, सरांच्या छडीने घडलो. आमच्यातली सगळ्यात वेगवान मुलगी आठवीत मैदान सोडून गेली. तिला कुणी माईक दिलेला नाही.

तांबडी_माती:
आम्ही वस्तादाच्या हातचा मार खाऊनच माणसात आलो ताई. पहाटे चारला उठून जोर-बैठका, चुकलं की पाठीत धपाटा. कुणाचं काय बिघडलं? आताच्या आईबापांना पोराला ओरडलेलं खपत नाही, लगेच व्हॉट्सॲपवर शाळेची बदनामी. नाईट राहू द्या, साधा पीटीचा तास घेणारा मास्तरसुद्धा मिळेना झालाय त्यामुळे.

चिंचगुळी:
काही बिघडलं नाही म्हणता, आणि लहान मुलाला मारण्याची वकिली करताय. बिघडलंय दादा.

तांबडी_माती:
पर्सनल होऊ नका.

खडू_फळा:
मी शिक्षिका आहे, म्हणून राहवलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. योग्यच केलं, मी कधी हात उचलला नाही. पण वर्गात साठच्या वर पोरं, त्यात निवडणुकीची कामं, जनगणना, खिचडीचा हिशेब. शिस्त लावायची कशाने, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलंच नाही. नाईटकडे डझन-दीड डझन खेळाडू, हाताखाली सहायक कोच, खेळाडूंना शिष्यवृत्ती. एवढं असूनही त्याला गळा धरावा लागत असेल तर मग आमचा सत्कार करा.

फुकट_पीएचडी:
मुख्य मुद्दा कुणीच काढत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. इथे आम्ही स्टायपेंडमध्ये भाडं भरून उरलेल्या पैशात मसूर शिजवतो. नाईटला काढलं तेव्हा विद्यार्थी विद्यापीठाचा अध्यक्ष ब्रँड याच्या घरावर चालून गेले, ब्रँडचा पुतळा जाळला. प्रोफेसरला काढलं तर कुणी मेणबत्ती तरी लावेल का?

आजोबा_ब्लूमिंग्टन:
पगाराचं बोलतोस तर ऐक. इंडियानानंतर टेक्सास टेक विद्यापीठात कोच असताना एक मोसम खराब गेला तेव्हा नाईट आपला अडीच लाख डॉलर पगार परत करायला निघाला होता. तुझ्या गाईडला विचार, रिसर्च फसला तर तो किती परत करतो.

फुकट_पीएचडी:
😂 हे मात्र मान्य. गाईडला विचारायची हिंमत नाही, तो नाईटपेक्षा भारी आहे.

खडू_फळा:
तांबडी_माती, मास्तर मिळत नाही याला पालक जबाबदार? भरती किती वर्षं रखडते ते बघा आधी. बऱ्याच शाळांत पीटीचा तास गणिताच्या बाई घेतात, म्हणजे गणितच घेतात.

तांबडी_माती:
भरतीचं बरोबर आहे. धपाट्याचंही बरोबर आहे.

बॉयलर_बंड्या:
अहो, धागा कुठे नेताय! आजोबा, पाकिटं न देणं आणि पोरांना पदवी मिळवून देणं हे मला मान्य, आणि हे मी दात-ओठ खाऊन लिहितोय. १९८७ चं अजिंक्यपदही मान्य. तीन पॉइंटच्या रेषेला नावं ठेवली आणि त्याच वर्षी त्याच्या स्टीव्ह ॲलफर्डने फायनलला सात तीन-पॉइंटर टाकले, सिराक्यूजला एका गुणाने हरवलं. शहाणा होता. पण या सगळ्याला गळा धरणं कुठे लागलं?

आणि २००२ आठवा. नाईट जाऊन दोन मोसम झालेले, माइक डेव्हिस कोच, आणि इंडियाना थेट फायनलला. ना खुर्ची, ना गळा.

आजोबा_ब्लूमिंग्टन:
त्यातली निम्मी पोरं नाईटनेच आणलेली. डिफेन्स त्यानेच शिकवलेला. आणि फायनल हरलेच ना मेरीलँडकडून? नाईट असता तर ती फायनल सोडली नसती.

बॉयलर_बंड्या:
नाईट असता तर दुसऱ्या फेरीतच घरी आले असते.

आजोबा_ब्लूमिंग्टन:
पर्ड्यूने बोलू नये. तुमच्याकडे एनसीएएचं (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) एक तरी अजिंक्यपद आहे का? २०२४ मध्ये फायनलला गेलात, कनेटिकटने धुतलं.

बॉयलर_बंड्या:
हे होणार हे माहीत होतं. आमच्या कोच मॅट पेंटरने आजवर खुर्ची फेकलेली नाही, एवढंच म्हणतो.

आजोबा_ब्लूमिंग्टन:
म्हणूनच.

चिंचगुळी:
म्हणजे तुमचं मत एका इंचानेही हललेलं नाही.

आजोबा_ब्लूमिंग्टन:
रीडच्या बाबतीत नाईटने माफी मागायला हवी होती, एवढं लिहून ठेव. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

खडू_फळा:
ते सगळं राहू द्या, साठ पोरांच्या वर्गाचं कुणी बोलतंय का?